लोद ते दैर अल-हतब : एका मोजणीदाराची वही

बुधवार, २३ ऑक्टोबर २०१९. लोद

बेन गुरियन विमानतळाला सगळे तेल अवीवचा विमानतळ म्हणतात, पण तो आहे लोदच्या वेशीवर. ब्रिटिशांच्या काळात त्याचं नावही लिड्डा विमानतळच होतं. टॅक्सीत बसलो आणि थोड्याच वेळात मावशींच्या दारात उतरलो. मावशी म्हणजे माझ्या रेवदंड्याच्या शाळासोबत्याची थोरली बहीण. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, वय ऐंशीच्या पुढे, आणि मराठी साठच्या दशकातल्या अष्टागराची, मध्ये मध्ये हिब्रूची फोडणी. दार उघडताच पहिला प्रश्न : "काय रे, दिवाळीच्या तोंडावर घर सोडून आलास? बायको काही बोलली नाही?"

बायको बरंच बोलली होती. पण नोकरीची सगळी वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणी करण्यात गेली आणि निवृत्तीनंतरही कुठे जमिनीचा तंटा ऐकला की माझे कान टवकारतात. जगातला सर्वात गाजलेला जमिनीचा तंटा बघायचा तर ऑलिव्हच्या हंगामात बघ, असं एका जाणत्या मित्राने सांगितलं होतं.

जेवायला नारळाच्या दुधातलं मटण. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून कोकणात असतानाच या लोकांनी नारळाच्या दुधावर भागवलं. जेवणानंतर मावशींनी आपलं इथलं पहिलं बिऱ्हाड सांगितलं. "आधी दिमोनाच्या वाळवंटात टाकलं आम्हाला. मग लोदला घर मिळालं. कमानीचं, जाड भिंतींचं, अंगणात अंजीर. मी विचारलं, कुणाचं हे? तर म्हणाले, अरबांचं होतं, गेले ते. आम्ही काय करणार? आमच्या हातात किल्ली दिली. आणि वर रब्बी विचारत होते, तुम्ही खरे ज्यू का म्हणून!" रब्बींच्या त्या प्रश्नावर बेने इस्रायलींनी धरणी धरली, उपोषणं केली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तो मिटला. मावशींचा राग मात्र अजून ताजा आहे.

'गेले ते' याचा हिशेब असा. २९ नोव्हेंबर १९४७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या फाळणी ठरावात लोद अरब राज्यात होतं. ज्यूंची लोकसंख्या तेव्हा सुमारे एक तृतीयांश, मालकीची जमीन सात टक्क्यांच्या आसपास, आणि ठरावाने त्यांच्या राज्याला निम्म्याहून अधिक मुलूख दिला. भारताने विरोधात मत दिलं होतं. जुलै १९४८ मध्ये इस्रायली फौजेने लोद आणि रामला घेतलं आणि दोन्ही गावांतली पन्नास हजारांहून अधिक माणसं भर उन्हात रामल्लाच्या दिशेने पायी हाकलली. १९५० मध्ये 'गैरहजरांच्या मालमत्ते'चा कायदा आला. मालक गैरहजर, म्हणून मालमत्ता सरकारी अभिरक्षकाकडे. गंमत अशी की देशातच राहिलेला, पण त्या ठरावीक काळात घरापासून दूर असलेला माणूसही कायद्याने गैरहजरच ठरला. आपल्याकडे फाळणीनंतर देश सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेचे असेच कायदे झाले होते, त्यामुळे मला हे प्रकरण परकं वाटलं नाही.

आता मावशी सरकारी इमारतीत राहतात. "जमीन आपली नसतेच इथे," त्या म्हणाल्या. खरंच आहे. इस्रायलमधली ९० टक्क्यांहून अधिक जमीन सरकारच्या किंवा ज्यू राष्ट्रीय निधीच्या नावे आहे, लोकांकडे असतो तो लांब मुदतीचा भाडेपट्टा.

गुरुवार, २४ ऑक्टोबर. लात्रून

जेरुसलेमच्या वाटेवर लात्रूनच्या टेकडीवर काँक्रीटची एक दणकट पोलीस गढी आहे. आज तिथे रणगाड्यांचं संग्रहालय आहे. मला बघायची होती ती गढी. तिला टेगार्ट किल्ला म्हणतात. हा टेगार्ट म्हणजे कलकत्त्याचा पोलीस कमिशनर सर चार्ल्स टेगार्ट. १९२४ मध्ये गोपीनाथ साहाने ज्याला मारायचं म्हणून चुकून दुसऱ्याच गोऱ्याला गोळी घातली, तोच. १९३६ मध्ये पॅलेस्टिनी अरबांचं बंड उसळलं तेव्हा इंग्रजांनी बंगालमधल्या क्रांतिकारकांचा अनुभव असलेला हा माणूस इकडे बोलावला. त्याने देशभर अशा गढ्या बांधायला लावल्या, उत्तर सरहद्दीवर काटेरी तारांचं कुंपण घातलं. बऱ्याच गढ्या आजही वापरात आहेत. कायद्यांचंही तसंच. १९४५ चे ब्रिटिशांचे आणीबाणीचे नियम, ज्यातल्या ११९ व्या कलमाने संशयिताचं घर पाडता येतं, ते वेस्ट बँकेत, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेच्या, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यातल्या प्रदेशात, अजून चालतात. त्या काळी ज्यू वकिलांनीच या नियमांवर कडाडून टीका केली होती.

गढीपलीकडे 'कॅनडा पार्क' आहे. सायकलवाले, सहलीची कुटुंबं, पाइनची सावली. जून १९६७ पर्यंत इथे इमवास आणि यालू ही गावं होती, पलीकडे बैत नूबा. युद्धात लोकांना बाहेर काढून तिन्ही गावं बुलडोझरने सपाट केली. मी रस्त्यावरून न जाता आत शिरलो. पाइन नंतर लावलेले, एका वयाचे, ओळीत. त्यांच्या मधूनच फड्या निवडुंगाची वेडीवाकडी रांग निघते. इथले शेतकरी बांधावर निवडुंग लावत, आणि तो कितीही तोडला तरी पुन्हा फुटतो. गावाचा नकाशा हातात नसतानाही दोन-तीन गटांच्या हद्दी मला चालत चालत काढता आल्या. मोजणीदाराला यापेक्षा चांगली खूण मिळत नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर. हैफा, नहलाल

सकाळी हैफा. खालच्या शहरात हिंदी सैनिकांचं छोटं, नीट राखलेलं स्मशान आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने हे शहर तुर्कांकडून घेतलं, मेजर दलपतसिंह त्यात पडले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाला आता हैफाचंही नाव जोडलंय. दरवर्षी इथे दोन्ही देशांचे अधिकारी फुलं वाहतात. भाषणांत शौर्याचा उल्लेख असतो. हा मुलूख त्या घोडेस्वारांनी नेमका कुणासाठी जिंकला, हे कुणी बोलत नाही.

शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आधी पोचायचं म्हणून दुपारी घाईने नहलालला. मर्ज इब्न आमिरचं खोरं, ज्यूंचं यिझ्रेल : काळी, सपाट, कसदार जमीन. आपल्या कृष्णाकाठच्या माणसाला लगेच कळेल असली. नहलाल हे १९२१ मध्ये वसलेलं पहिलं सहकारी शेतकरी गाव. रिखार्ड काउफमान या वास्तुरचनाकाराने ते पूर्ण वर्तुळात आखलं. मधोमध सामाईक इमारती, भोवती घरं, आणि घरांच्या मागे बाहेर उघडत जाणारी शेतं. आखणी म्हणून अप्रतिम, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याआधीचा उतारा बघायला हवा. ऑटोमन सरकारने १८५८ मध्ये जमीन कायदा केला आणि नोंदणी सुरू केली, तिला तापू म्हणतात. कर आणि सैन्यभरती मागे लागेल या भीतीने फल्लाह, म्हणजे कसणारे शेतकरी, नाव लावायलाच गेले नाहीत. नावं लागली शहरातल्या धनिकांची. या खोऱ्याचा मोठा भाग १८७० च्या सुमारास बैरूतच्या सुरसोक घराण्याने सरकारकडून घेतला. १९२१ ते १९२५ या काळात त्यांनी सुमारे २ लाख ४० हजार दुनम ज्यू संस्थांना विकली. कायद्याने विक्री चोख होती. कसणाऱ्यांची गावं मात्र थोडीफार भरपाई देऊन उठवली गेली. दुनम म्हणजे ऑटोमन मापाने ९१९ चौरस मीटर, ब्रिटिशांनी तो पुरा १००० केला. साधारण दहा गुंठे धरा.

मी कोकणातला, खोती बघितलेल्या घरातला. खोताचं नाव कागदावर आणि कुळाचा घाम शेतात, हे चित्र मला कुणी समजावून सांगायला नको. फरक एकच : १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी आमच्याकडे कुळाचं नाव मालक म्हणून लागलं. सुरसोकच्या कुळाला तशी तारीख कधी आली नाही. १९३० मध्ये सर जॉन होप सिम्पसन, हाही आयसीएसमधून आलेला साहेब, पॅलेस्टाइनच्या जमिनीची चौकशी करून गेला. भूमिहीन अरब कुटुंबांचा प्रश्न त्याने स्पष्ट लिहिला आणि आणखी वसाहतींना आवर घाला म्हणून सुचवलं. त्यावरून सरकारने काढलेलं धोरण पुढल्याच वर्षी, पंतप्रधान मॅकडोनल्डच्या एका पत्राने, गुंडाळलं गेलं.

इस्रायलचे गाजलेले सेनानी मोशे दायान नहलालमध्येच वाढले आणि पुरलेही इथेच आहेत. शेजारच्या मआलूल गावाचं काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. १९६९ मध्ये हैफाच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की ज्यू गावं अरब गावांच्या जागी उभी राहिली, आणि पहिलं उदाहरण दिलं ते नहलालचं. मआलूलची दोन चर्चं आणि एक मशीद अजून उभी आहे, भोवती पाइन.

शनिवार, २६ ऑक्टोबर. जेरुसलेम

शब्बाथमुळे बस बंद, म्हणून रात्री नाझरेथला राहून सकाळी अरब टॅक्सीने आलो.

जाफा दरवाज्यातून जनरल ॲलनबी ११ डिसेंबर १९१७ रोजी पायी आत आला. त्याच्या महिनाभर आधी, २ नोव्हेंबरला, ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरने ज्यू पुढारी लॉर्ड रॉथशिल्डला ते गाजलेलं पत्र लिहिलं होतं : ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा, आणि ज्यूंव्यतिरिक्त बाकीच्या रहिवाशांच्या नागरी व धार्मिक हक्कांना बाध येऊ नये एवढी पुस्ती. हे 'बाकीचे' तेव्हा दहात नऊ होते, आणि त्यांच्या राजकीय हक्कांचा शब्दही पत्रात नव्हता. मंत्रिमंडळात याला सर्वात खणखणीत विरोध केला तो एकमेव ज्यू मंत्र्याने. एडविन मॉन्टेग्यू, आपला भारतमंत्री. आपल्याला इतिहासात तो सुधारणांपुरता शिकवतात. लंडनमध्ये बसून ज्याच्या मालकीची नव्हती ती जमीन तिसऱ्याला लिहून देणं, हा व्यवहार मोजणी कार्यालयात कुणी आणला असता तर आम्ही अर्जच दाखल करून घेतला नसता.

याचा अर्थ ज्यूंना आसऱ्याची गरज नव्हती असा नाही. रशियातल्या कत्तली, मग हिटलर. युरोपने त्यांना जगू दिलं नाही आणि बाकीच्या जगाने दारं लावून घेतली. अरब देशांतून पुढे लाखो ज्यू घरदार सोडून आले, त्यांचीही मालमत्ता मागे राहिली. म्हणूनच हा तंटा इतका चिवट आहे. पण युरोपच्या पापाची वसुली फल्लाहच्या बांधावर का, याचं उत्तर मला कुठे मिळालं नाही.

दुपारी लिफ्ताला उतरलो. शहराच्या प्रवेशावरच, महामार्गाखाली, १९४८ मध्ये रिकामी झालेली दगडी घरं. बहुतेक गावं पाडली गेली, हे राहिलं. झऱ्याच्या टाक्यात मुलं पोहत होती.

संध्याकाळी मुसरारा भागातून जाताना एक जुनी गोष्ट आठवून हसू आलं. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी दायान आणि जॉर्डनचा सेनाधिकारी अब्दुल्ला अल-तल यांनी इथल्या एका रिकाम्या घरात १:२०,००० च्या नकाशावर जाड मेणाच्या पेन्सिलीने आपापल्या युद्धबंदीच्या रेषा ओढल्या. रेषा तीन-चार मिलिमीटर रुंद. म्हणजे जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर! त्या रुंदीत आख्खी घरं, रस्ते. रेषेखालची जमीन कुणाची, यावर पुढे अनेक वर्षं भांडणं झाली. आमच्याकडे प्रशिक्षणार्थीने अशी पेन्सिल वापरली असती तर वरिष्ठांनी ती मोडून हातात दिली असती.

रविवार, २७ ऑक्टोबर. बत्तीर

लक्ष्मीपूजन. घरी फोन केला, बोलणी खाल्ली.

बत्तीर बेथलेहेमच्या पश्चिमेला, दरीच्या उतारावर. दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेती, आणि रोमन काळापासूनच्या झऱ्याचं पाटपाणी. गावात आठ मोठी घराणी. प्रत्येकाला पाण्याचा एक दिवस, त्यामुळे इथला पाणीवाटपाचा आठवडा आठ दिवसांचा. टाक्यातलं पाणी काठीने मोजून वाटतात. एका म्हाताऱ्याने ती कशी धरायची ते दाखवलं. मी त्याला आपल्याकडच्या फडपद्धतीबद्दल, पांझरेच्या बंधाऱ्यांबद्दल सांगितलं. मुलाने भाषांतर केलं. म्हाताऱ्याला फक्त एकच जाणून घ्यायचं होतं : भांडणं होतात का? होतात म्हटल्यावर तो खूश झाला. जेवायला त्यांचं प्रसिद्ध बत्तीरी वांगं, भात आणि मांस भरलेलं.

दरीच्या तळातून रूळ जातात. जाफा-जेरुसलेम रेल्वे, १८९२ ची. १९४९ च्या तहात रेल्वे इस्रायलला हवी होती, आणि गावाची बरीच शेतं रुळांपलीकडे जात होती. गावकऱ्यांच्या वतीने हसन मुस्तफा या शिक्षकाने खटपट केली आणि वेगळाच समझोता झाला : गावाने रुळांना धक्का लागू द्यायचा नाही, बदल्यात पलीकडची शेतं कसत राहायची. तो शब्द गावाने पाळला. वेस्ट बँक वेगळी करायला इस्रायल २००२ पासून उभारत असलेली भिंत इथूनही जाणार होती. तिच्या आखलेल्या मार्गाचा बहुतांश भाग १९४९ च्या रेषेवर नाही, तर वेस्ट बँकेच्या आतून जातो, आणि हेगच्या न्यायालयाने २००४ मध्येच तो बेकायदा ठरवला होता. बत्तीरने युनेस्कोचं दार ठोठावलं. २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागलं आणि पुढच्या जानेवारीत इस्रायली सर्वोच्च न्यायालयात भिंतीचं काम अडलं. विशेष म्हणजे इस्रायलच्याच निसर्ग खात्यानेही भिंतीविरुद्ध मत नोंदवलं होतं. आम्ही बोलत असताना गाडी गेली. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर. दैर अल-हतब

नाब्लुसच्या पूर्वेचं गाव. वर जबल कबीरच्या माथ्यावर एलोन मोरे ही वसाहत, खाली ऑलिव्हच्या बागा. ज्यांच्याकडे गेलो त्या हाजींचा वरचा तुकडा वसाहतीच्या कुंपणाला लागून. तिथे वर्षभर जाता येत नाही. हंगामात लष्कर ठरावीक दिवस देतं, त्याला इथे 'तनसीक' म्हणतात. मिळालेल्या दिवसांत झोडायचं, गोळा करायचं आणि उतरायचं. आम्ही खालच्या तुकड्यात काम केलं. झाडाखाली ताडपत्री, हातात प्लॅस्टिकची फणी, शिडीवर पोरं. दुपारी टोमॅटो, पाव, झातर आणि काळा गोड चहा.

मी जमीन मोजणारा आहे कळल्यावर हाजी घरात गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. कुशान. ऑटोमन काळातला मालकीचा दाखला, अरबी लिपीतली तुर्की, कडा झिजलेल्या. त्यांच्या थोरल्याने वाचून दाखवलं : पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अमक्याची जमीन, उत्तरेला ओढा, दक्षिणेला तमक्याची बाग. चतुःसीमा! आपल्या जुन्या खरेदीखतांत असते तशीच्या तशी. सर्व्हे नंबर नाही, नकाशा नाही. क्षेत्रही जरा कमीच दाखवलेलं, कर वाचवायला. असले कागद मी हजारांनी हाताळलेत आणि त्यातला दुबळेपणाही मला माहीत आहे. शेजारी जिवंत आहे तोवर कागद भक्कम.

ब्रिटिशांनी १९२८ पासून नकाशानिशी हक्कनोंदणी सुरू केली, पण ती आधी सपाटीवर, जिथे खरेदी-विक्री जोरात होती. डोंगराळ भाग मागे राहिला. १९४८ नंतर इथे जॉर्डनचं राज्य आलं, त्याने पुढे काम चालवलं, ते साधारण एक तृतीयांशापर्यंत पोचलं. १९६७ मध्ये इस्रायलचा ताबा आला आणि १९६८ च्या लष्करी आदेश क्रमांक २९१ ने नोंदणी थांबवली. हाजींचा डोंगर राहिलेल्या दोन तृतीयांशांत.

एलोन मोरेची कथा प्रत्येक मोजणीदाराने वाचावी अशी आहे. ही वसाहत आधी रुजैब गावाच्या जमिनीवर, लष्करी गरजेच्या नावाखाली बसवली होती. ऑक्टोबर १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवायला लावली : खाजगी जमीन, आणि लष्करी गरज सिद्ध नाही. गावकरी जिंकले. मग सरकारने वाट बदलली. १८५८ चा ऑटोमन कायदा पुन्हा काढला. त्यात 'मीरी' प्रकारची, म्हणजे मालकी सरकारची आणि कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा अशी, जमीन सलग तीन वर्षं पडीक राहिली तर सरकारजमा होऊ शकते, आणि गावातल्या माणसाची हाक ऐकू येणार नाही इतकी लांबची ओसाड जमीन 'मवात', म्हणजे मृत. सरकारी वकील प्लिया अल्बेक हेलिकॉप्टरमधून डोंगर बघत फिरल्या. हिरवं दिसेल ते शेतकऱ्याचं, खडकाळ दिसेल ते 'सरकारी जमीन'. गट अर्ध्याहून अधिक कसलेला दिसला नाही तर तो कसलेला नाहीच. एलोन मोरे उठली आणि जबल कबीरवर, अशाच सरकारी जमिनीवर, बसली. आज वेस्ट बँकेत पूर्व जेरुसलेम सोडून चार लाखांवर वसाहतवाले आहेत.

आपल्या सातबाऱ्यातल्या बारा नंबरच्या पीकपाहणीने कुळाला मालक केलं. इथे तीच पाहणी हवेतून, उलट कामासाठी झाली. आणि सगळं कायदेशीर : सुलतानाचा कायदा, साहेबाचे नियम, जॉर्डनची अर्धवट नोंदणी आणि त्यावर कर्नलचा आदेश. प्रत्येक नव्या राज्यकर्त्याने जुन्याचं दप्तर फेकलं नाही, त्यातलं सोयीचं पान उघडलं. वसाहतवाद वसाहतवाद म्हणतात तो मला घोषणांपेक्षा या दप्तरात जास्त स्पष्ट दिसला.

मंगळवार, २९ ऑक्टोबर. हेब्रॉन

हेब्रॉनबद्दल थोडकंच. १९२९ मध्ये इथे ६७ ज्यू मारले गेले, १९९४ मध्ये इब्राहिमी मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने २९ मुसलमान नमाज पढताना मारले. १९९७ च्या कराराने शहराचे दोन भाग झाले. शुहदा रस्त्यावरची दुकानं बंद, दारांना वेल्डिंग.

अमेरिकेतून येऊन इथे राहिलेला एक गृहस्थ भेटला. त्याने मला बायबल काढून दाखवलं : अब्राहमने मखपेलाची गुहा एफ्रोनकडून ४०० शेकेल चांदी देऊन, साक्षीदारांसमोर, शेत आणि हद्दीतल्या झाडांसकट विकत घेतली. "हे आमचं खरेदीखत," तो म्हणाला. खत म्हणून मजकूर उत्तम आहे. मी त्याला विचारलं, मग हाजींचं कुशान? तो म्हणाला, तुर्की कागदाचं काय घेऊन बसलात. एलोन मोरे कोणत्या देशाच्या कायद्यावर बसली आहे, हे मी त्याला सांगितलं. त्याने घड्याळ पाहिलं.

नंतर

हे टिपण वहीत पडून होतं. मग ७ ऑक्टोबर २०२३ आला. हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मेली, अडीचशेच्या आसपास ओलीस गेली. त्यानंतर गाझात जे झालं त्यात मेलेल्यांचा आकडा दहा-दहा हजारांनी वाढत गेला. गाझातली बहुसंख्य कुटुंबं मुळात १९४८ च्या निर्वासितांची. मावशींना फोन केला तेव्हा मागे भोंगा वाजत होता. "जिन्यात बसलोय," एवढंच म्हणाल्या.

मे २०२५ मध्ये इस्रायली मंत्रिमंडळाने ठरवलं की वेस्ट बँकेच्या 'क' विभागात, म्हणजे पूर्ण इस्रायली ताबा असलेल्या सुमारे ६० टक्के भूभागावर, बंद पडलेली हक्कनोंदणी पुन्हा सुरू करायची, इस्रायली अधिकाऱ्यांच्या हाताने. ऐकायला चांगलं. पण अशा नोंदणीत हक्क सिद्ध करायचा भार दावेदारावर असतो, आणि सिद्ध झाला नाही की जमीन सरकारच्या नावे कायमची.

हाजींच्या थोरल्याचा संदेश आला, कागद कसे लावू? मी कळवलं : मूळ कुशान कुणाच्या हातात देऊ नकोस, नकला दे. करपावत्या वर्षवार लाव. चतुःसीमेतले शेजारी किंवा त्यांचे वारस आज कुठे आहेत ते लिहून काढ. दुसऱ्या दिवशी यादी आली. पश्चिमेचा शेजारी अम्मानमध्ये वारला, मुलं कुवेतला. दक्षिणेची बाग कुंपणाच्या आत गेली, तिचे वारस नाब्लुसमध्ये, पण आपसात बोलत नाहीत. खाली प्रश्न होता : या सगळ्यांच्या सह्या लागतील का?

लागतील, असं मी लिहिलं.